जुने आजार पुन्हा दारात: नागपूरच्या आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात लहान मुलांच्या वॉर्डात ३१ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यापासून लसीकरणाच्या दिवशी आमच्या भागातल्या अंगणवाडीत जाऊन बसते. आयांच्या मांडीवर लेकरू असतं, हातात कार्ड असतं आणि मनात शंका असतात. तेच प्रश्न मला फोनवर, जिन्यात, लग्नाच्या पंगतीतही विचारले जातात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही, औषध लिहून देणं माझं काम नाही. पण तापानं फणफणलेल्या लेकराकडे कुठे बघायचं हे मी रात्री जागून शिकले. तेवढं सांगते.

गोवर, घटसर्प हे आजार संपले होते ना? मग आता कुठून आले?

संपला तो एकच, देवीचा रोग. भारतातला तिचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, आणि १९८० साली जगातूनच ती गेल्याचं जाहीर झालं. पोलिओचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा इथे सापडला. २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. तो अजून जगातून गेलेला नाही, म्हणून रविवारचे ते दोन थेंब आजही चालू आहेत.

बाकीचे, म्हणजे गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, गालफुगी, फक्त कमी झाले होते. राखेखाली निखारा असतो तसे. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीपासून गोवर पेटला, मालेगाव-भिवंडीतही पसरला आणि लेकरं दगावली. २०२४ मध्ये महाराष्ट्र, राजस्थान आणि केरळात गालफुगीचे रुग्ण एकाएकी वाढले. हे वाचताना "ते तिकडे मुंबईत" असं वाटत असेल, तर एवढं लक्षात घ्या की नागपूर देशाच्या मधोमध आहे. चारही दिशांच्या गाड्या आपल्या स्टेशनावरून जातात आणि छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, गोंदियाची आजारी लेकरं आपल्याच मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांत येतात.

पण आत्ताच का वाढले?

कारणं चार आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

२०२० मध्ये टाळेबंदीत लसीकरणाची सत्रं बंद पडली. पुढेही कितीतरी दिवस लोक दवाखान्याच्या पायरीला घाबरत होते. त्या काळात जन्मलेली मुलं आता शाळेत आहेत, आणि त्यांच्यातल्या कितीजणांचे डोज अर्धे राहिले हे कार्ड उघडल्यावरच कळतं. मी अंगणवाडीत बसून हेच करते, जुनी कार्डं उघडते.

दुसरं, शहराच्या कडेला वीटभट्ट्या, बांधकामावरच्या झोपड्या. छत्तीसगड, मध्य प्रदेशातून आलेली कुटुंबं सहा महिने इथे, सहा महिने तिथे. एक डोज गावात, दुसऱ्याच्या वेळी ती कळमन्याला किंवा हिंगण्याला. त्यांच्या मागे फिरणारी आशाताई कितीही धावली तरी एखादं लेकरू सुटतं. गोवराला तेवढं पुरतं. एक गोवराचा रुग्ण, संरक्षण नसलेल्या माणसांत, १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. म्हणून शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोज मिळाले तरच गोवर थांबतो. शहराची सरासरी चांगली असली आणि एकाच वस्तीत वीस पोरं सुटलेली असली, तर आग त्या वस्तीत लागते.

तिसरं, पाच वर्षांचा बूस्टर. पहिल्या वर्षाच्या सुया बहुतेक आईबाप नेमानं देतात. पुढे लेकरू धडधाकट दिसतं, नर्सरी सुरू होते, आणि पाचव्या-सहाव्या वर्षीचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) डोज विसरला जातो. घटसर्प आणि डांग्या खोकल्याचं संरक्षण वर्षांनुसार ओसरत जातं. बूस्टर त्यासाठीच असतो.

आणि चौथं म्हणजे भीती. १९९८ साली विलायतेत एका डॉक्टरनं एमएमआर (गोवर, गालफुगी, रुबेला) लसीचा स्वमग्नतेशी, म्हणजे ऑटिझमशी, संबंध जोडणारा लेख छापला. तो खोटा निघाला आणि ज्या नियतकालिकानं छापला त्यानंच २०१० मध्ये मागे घेतला. ती अफवा मात्र आजही मोबाईलवरून फिरत फिरत आपल्या मोहल्ल्यात येते.

माझ्या आजीला बघताक्षणी कळायचं. मला का कळत नाही?

कारण तुम्ही हे आजार पाहिलेलेच नाहीत, आणि त्यात तुमचा काहीच दोष नाही. लसीनं आपल्याला दिलेलं हे सुख आहे. तुमच्या आजीनं मात्र शेजारपाजारची, कधी स्वतःच्या पोटची लेकरं यात गमावलेली होती. तिच्या दंडावर देवीच्या लसीचा गोल वण आहे, तो एकदा बघा.

मला जी काळजी वाटते ती इथेच. आजार परत येताहेत आणि त्यांना ओळखणारे डोळे घराघरातून जाताहेत. नव्या डॉक्टरांनीसुद्धा घटसर्प बऱ्याचदा पुस्तकातच वाचलेला असतो. त्यामुळे पहिले तीन दिवस "व्हायरल आहे, होईल बरं" असं म्हणून निघून जातात, आणि याच तीन दिवसांत सगळं ठरतं. घरात सत्तरीच्या पुढची आजी असेल तर लेकरू तिच्याजवळ न्या. तिच्या उपायांवर आपण वाद घालू, पण "ह्या पोराचं काही वेगळं दिसून राह्यलं" असं ती म्हणाली, तर तिचं ऐका.

ताप आल्यावर घरी नेमकं काय बघायचं?

थर्मामीटर लावा, आकडा वेळेसकट कागदावर लिहा. मग आकडा बाजूला ठेवून लेकराकडे बघा.

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, अंगावरचे कपडे काढून बघा. ट्यूबलाइटमध्ये पुरळ दिसत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर तर लाली डोळ्यांना कळतही नाही, हात फिरवल्यावर खरखर लागते. कानामागे बघा, केसांच्या कडेला बघा. डोळे लाल आहेत का, उजेडाकडे बघताना मिटतात का? तोंड उघडायला सांगून मोबाईलच्या टॉर्चनं घसा आणि गालाची आतली बाजू बघा. जबड्याखाली, मानेला दोन्ही बाजूंनी बोटं लावून सूज आहे का पाहा.

श्वास मोजा, हे फार महत्त्वाचं आहे. लेकरू शांत किंवा झोपेत असताना, पोटाकडे बघत, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आपण "पोट उडते" म्हणतो, तर मोजत बसू नका. निघा.

शेवटी चार गोष्टी विचारा. दूध-पाणी पितंय का? प्यायलेलं पोटात टिकतं का? झटका आला का? हाक मारल्यावर डोळे उघडून नीट बघतं का? यातल्या एकाचंही उत्तर वाईट असेल तर तो मोठ्या दवाखान्याचा आजार आहे, आकडा शंभर असो की एकशे चार.

गोवर आणि साधं पुरळ यात फरक कसा ओळखायचा?

क्रमावरून. गोवरात आधी ताप येतो आणि सोबत तीन गोष्टी असतात: खोकला, वाहतं नाक, लाल पाणावलेले डोळे. लेकरू चिडचिडं, मलूल. तीन-चार दिवस हे सर्दीतापासारखंच दिसतं. पुरळ मग येतं, आणि येतं ते वरून खाली: कानामागे, कपाळावर, चेहऱ्यावर, मग छाती-पोट, मग हातपाय. पुरळ येताना ताप आणखी चढतो. दुसऱ्या काही तापांत उलट होतं, ताप उतरल्यावर अंगावर पुरळ येतं आणि लेकरू खेळायला लागतं.

पुरळाच्या एक-दोन दिवस आधी एक खूण मिळते. गालाच्या आत, दाढांसमोर, लालसर जागेवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके. दूध साचल्यासारखे दिसतात पण पुसले जात नाहीत. ती खूण सापडली तर पुरळाची वाट न बघता दवाखान्यात कळवा. गोवराचं लेकरू पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून आणि नंतर चार दिवस इतरांना आजार देऊ शकतं. ते खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहतो. ओपीडीच्या दारातच "ताप आणि पुरळ आहे" असं सांगा, म्हणजे इतर बाळांमध्ये बसवणार नाहीत.

सरकारी दवाखान्यात ताप-पुरळाच्या प्रत्येक लेकराची नोंद होते, रक्ताचा नमुना जातो. घाबरायचं कारण नाही. वस्तीत आणखी कोण आहे ते यावरूनच कळतं.

गोवर तर सगळ्यांनाच होऊन जायचा. एवढी काळजी कशाला?

जे वाचले, त्यांनीच "होऊन जायचा" ही गोष्ट पुढे सांगितली.

गोवर लेकराला मारतो तो बहुतेक वेळा न्यूमोनियानं आणि जुलाबानं. हजारात एकाच्या मेंदूला सूज येते. पुरळ गेल्यावरही गोवर मागे काहीतरी ठेवून जातो: शरीरानं आधीच्या आजारांशी लढायला शिकलेलं असतं ते तो पुसून टाकतो, म्हणून पुढचे कित्येक महिने लेकरू सारखं आजारी पडतं. क्वचित, सात-दहा वर्षांनी, धडधाकट दिसणाऱ्या मुलाच्या मेंदूत तोच विषाणू पुन्हा डोकं काढतो. अशी दोन मुलं मी पाहिली आहेत. आधी अभ्यासात मागे पडतात, मग हातातली वस्तू गळते, मग झटके. त्यावर बरं करणारं औषध नाही.

गोवर झाला तर औषध काय?

विषाणूवर थेट औषध नाही, पण "काहीच करता येत नाही" हे खोटं आहे. अ जीवनसत्त्वाचे दोन डोज, लागोपाठ दोन दिवस, गोवराच्या प्रत्येक लेकराला द्यायचे असतात: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ५० हजार युनिट, सहा महिने ते एक वर्ष १ लाख, त्यापुढे २ लाख. हे दवाखान्यातच घ्यायचं, घरी बाटली आणून नाही. यानं डोळे वाचतात आणि जीव वाचतो. तुमच्या डॉक्टरनं दिलं नसेल तर संकोच न करता विचारा.

बाकी पाणी, दूध, वरणाचं पाणी, मऊ भात, थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाचं दूध थांबवू नका.

घरचे म्हणतात, "माता आली आहे", औषध द्यायचं नाही. काय करू?

मी या घरांतूनच आले आहे, म्हणून हसणार नाही. आमच्या घरीही दारावर कडुलिंबाची डहाळी लागायची. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या डहाळीनं एक फार मोठं काम केलं. शेजाऱ्याला न बोलता कळायचं की या घरात आजारी लेकरू आहे, आत जायचं नाही. लेकरू वेगळं निजवायचे, अंथरूण स्वच्छ ठेवायचे, घरात फोडणीसुद्धा द्यायचे नाहीत. हे सगळं चालू ठेवा. डहाळी लावा, पूजा करा, खोलीत अंधार लागत असेल तर डोळ्यांना तो बराच वाटतो.

सांभाळायच्या त्या तीन गोष्टी. पाणी-दूध तोडू नका. अंग पुसणं बंद करू नका, कोमट पाण्यानं पुसल्यानं "आत जात" नाही. आणि पुरळ पूर्ण निघू द्यायचं म्हणून श्वास लागलेल्या लेकराला घरी ठेवू नका. सासूबाईंना मी असं सांगते: मातेचं सगळं करा, आणि मेडिकलमध्येही घेऊन या, माता तिथे रागावत नाही. आजवर एकाही सासूबाईनं मला नाही म्हटलेलं नाही.

कांजिण्या वेगळ्या कशा दिसतात?

फोडात पाणी असतं, दवाच्या थेंबासारखं, आणि खाज भयंकर. एकाच वेळी अंगावर लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली असे तिन्ही दिसतात. पोटा-पाठीवर जास्त, हातापायांवर कमी. आपल्याकडे थंडी सरून ऊन तापायला लागलं की यांचे दिवस येतात. सगळ्या फोडांना खपली धरेपर्यंत शाळा नाही. नखं कापा, सुती सैल कपडे घाला. ॲस्पिरिन चुकूनही नको, त्यानं यकृत आणि मेंदूवर जीवघेणा परिणाम होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळतात. घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर डॉक्टरला लगेच सांगा.

घटसर्प म्हणजे काय? घसा दुखल्यावर प्रत्येक वेळी घाबरायचं का?

प्रत्येक वेळी नाही. पण प्रत्येक वेळी घशात टॉर्च मारायचा.

घटसर्पात ताप फार चढत नाही, तिथेच आईबाप फसतात. लेकरू मात्र तापाच्या मानानं फारच आजारी, पांढरं पडलेलं दिसतं. घशात, टॉन्सिलवर, पडजिभेजवळ राखाडी-पांढरा पापुद्रा येतो. साध्या टॉन्सिलवर पिवळे ठिपके असतात. हा पापुद्रा चिकटलेला, एकसंध, कडांनी पसरत जाणारा असतो. खरवडला तर रक्त येतं, म्हणून कापूस, बोट, चमचा काही लावू नका. तोंडाला घाण वास येतो, लाळ गळते, आवाज बदलतो. एकाच नाकपुडीतून रक्ताळ पाणी येऊ शकतं. मान दोन्ही बाजूंनी सुजून बैलासारखी दिसायला लागली तर उशीर झालेला आहे.

या रोगाचा जिवाणू घशात बसतो, पण घात करतं त्याचं विष. ते रक्तातून हृदयाकडे आणि नसांकडे जातं. त्यावर उतारा म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेलं प्रतिविष. हा शोध इतका मोठा की वैद्यकशास्त्राचं अगदी पहिलं नोबेल, १९०१ सालचं, एमिल फॉन बेरिंग यांना याच कामासाठी मिळालं. पण प्रतिविष रक्तात फिरणारं विषच पकडतं, हृदयाला चिकटलेलं विष सोडवता येत नाही. म्हणून इथे दिवस नाही, तास मोजायचे. पुष्कळदा घशाच्या नमुन्याचा रिपोर्ट येण्याआधीच डॉक्टर ते सुरू करतात.

एक मुलगी मी विसरत नाही. आठ वर्षांची, शहराच्या कडेच्या वस्तीतली. चार दिवस बाहेर एका ठिकाणी टॉन्सिलचं औषध चाललं होतं. तिची आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "हिचा आवाज नाकातून येऊन राह्यला जी, ही अशी बोलत नाही." कुणी ऐकून घेतलं नाही. आमच्याकडे पाचव्या दिवशी आली तेव्हा मान सुजलेली होती. प्रतिविष दिलं, घसा मोकळा होत आला, आणि नवव्या दिवशी पहाटे नाडी लागेना. आई कॉटच्या कडेला बसून होती, तिच्या मांडीवर कार्ड होतं. तिन्ही पेंटा, म्हणजे पहिल्या वर्षीच्या घटसर्पाचा भाग असलेल्या सुया, लागलेल्या, पुढचे दोन्ही बूस्टर कोरे. तेव्हापासून आई जेव्हा "ही अशी बोलत नाही" म्हणते, तेव्हा मी हातातलं काम ठेवते.

घरात एकाला घटसर्प निघाला तर बाकीच्यांचं काय?

घरच्या सगळ्यांना, मोठ्यांनासुद्धा, घशाचा नमुना, प्रतिजैविकाचा कोर्स आणि वयाप्रमाणे लस. आरोग्य विभागाची माणसं घरी येतील, त्यांना दार उघडा.

डांग्या खोकला आणि नेहमीचा खोकला?

पहिले एक-दोन आठवडे काहीच फरक नाही, फक्त सर्दी. त्यानंतर खोकल्याची उबळ येते, एकामागे एक, श्वास घ्यायला उसंत नाही, चेहरा लाल-निळा, शेवटी "हूप" असा ओढलेला श्वास आणि मग उलटी. उबळींच्या मध्ये लेकरू ठीक दिसतं, म्हणून ओपीडीत डॉक्टरसमोर काहीच दिसत नाही. उबळीचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, त्याचा फार उपयोग होतो.

तान्ह्या बाळांत हूप बहुतेकदा येतच नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ खोकतं आणि एकदम श्वास थांबवतं, ओठ निळे पडतात. असं एकदाही झालं तर भरती करावं लागतं. अशा बाळाला आजार देणारा बहुतेकदा घरातलाच मोठा माणूस असतो, ज्याचा खोकला तीन आठवडे झाले तरी गेलेला नाही आणि जो बाळाचे मुके घेतो. बाळंतिणीच्या खोलीत खोकणाऱ्याला जाऊ देऊ नका, मग तो मामा असो की आजोबा. गरोदरपणी २७ ते ३६ आठवड्यांत घ्यायची टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) लस बाळाला पहिले महिने सांभाळते. सरकारीत गरोदर बाईला टीडी (धनुर्वात आणि घटसर्प) मिळते, तिच्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो, म्हणून डॉक्टरला विचारा.

औषध लवकर सुरू केलं तरच खोकला आटोक्यात येतो. उशिरा दिलं तर इतरांना लागण होणं थांबतं, पण उबळ महिना-दोन महिने चालते. याला शंभर दिवसांचा खोकला म्हणतात ते उगीच नाही.

मेडिकल स्टोअरमधून खोकल्याचं औषध आणलं तर चालेल?

नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लेकरं विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानं मूत्रपिंडं निकामी होऊन आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत आली आणि त्यातली कितीतरी गेली. साधी सर्दी झाली होती त्यांना. दोन वर्षांच्या आत खोकल्याचं औषध द्यायचंच नाही, आणि पाच वर्षांच्या आत सहसा लागतही नाही. एक वर्षाच्या पुढच्या लेकराला झोपताना चमचाभर मध द्या. एक वर्षाच्या आत मध मात्र देऊ नका.

गालफुगीला लस नाही का?

आहे, पण सरकारी कार्यक्रमात नाही. सरकारी लस एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालफुगीचा भाग असलेली एमएमआर खासगी बालरोगतज्ज्ञांकडे मिळते. सुजेआधी एक-दोन दिवस ताप, कान दुखणं, चावताना कळ. चिंच-लिंबू पाहिलं तरी गाल ठणकतो. मग कानाच्या पाळीखाली सूज येते आणि पाळी वर उचलली जाते. सूज आल्यापासून पाच दिवस घरी ठेवा. वयात आलेल्या मुलाला वृषणात दुखलं, किंवा कुठल्याही मुलाला एका कानानं कमी ऐकू यायला लागलं, डोकं फार दुखून उलट्या झाल्या, तर लगेच दाखवा. हळद-चुन्याचा लेप लावू नका, कातडी भाजते.

घसा दुखून आठ दिवसांत बरा झाला, आता गुडघा सुजला. संबंध आहे का?

असू शकतो, आणि हे ओळखणं फार थोड्यांना जमतं. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, विशिष्ट जिवाणूनं घसा सुजल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधेवाताचा ताप येतो. आज गुडघा, दोन दिवसांनी घोटा, मग कोपर, असं दुखणं फिरतं. सांधे बरे होतात, हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या खराब होऊ शकतात. खेळताना दम लागतो का ते बघा. अशा मुलाला पेनिसिलिनची सुई दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षं घ्यावी लागते, आणि ती चुकवायची नसते.

कोणती लस कधी? थोडक्यात सांगा.

जन्मल्यावर बीसीजी (क्षयाची), पोलिओचे थेंब, काविळीची. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटा, जिच्यात घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात येतात, सोबत पोलिओ, रोटा वगैरे. नऊ महिने पूर्ण झाले की एमआरचा पहिला डोज आणि अ जीवनसत्त्व. सोळा ते चोवीस महिन्यांत एमआरचा दुसरा आणि डीपीटीचा पहिला बूस्टर. पाच-सहा वर्षांना डीपीटीचा दुसरा बूस्टर. दहा आणि सोळा वर्षांना टीडी. हे सगळं महानगरपालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात, डागा, मेयो, मेडिकलमध्ये फुकट आहे.

डोज चुकला. आता पहिल्यापासून सुरू करायचं का?

नाही, जिथे सुटलं तिथून पुढे. एमआर पाच वर्षांपर्यंत आणि डीपीटी सात वर्षांपर्यंत सरकारीत देतात. त्यापुढेही मार्ग असतो, फक्त कार्ड घेऊन या. रागावेन म्हणून येत नाहीत कितीतरी आया. रागावणारी सिस्टर भेटली तरी सुई घेऊनच घरी जा.

सर्दी-खोकला असताना लस देता येते?

साध्या सर्दीत देतात. जोराचा ताप असेल तर दोन-चार दिवस थांबतात. एमआरनंतर आठ-दहा दिवसांनी हलका ताप किंवा थोडं पुरळ येऊ शकतं, ते आपोआप जातं.

शेजारच्या मुलाला गोवर निघाला, माझ्या मुलीनं लस घेतलेली नाही. उशीर झाला का?

संपर्कानंतर ७२ तासांच्या आत एमआर घेतली तर आजार टळू शकतो किंवा हलका जातो. म्हणजे आजच जा. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर डॉक्टर वेगळा निर्णय घेतील, पण जायचं आजच.

आमच्या मारबतीच्या मिरवणुकीत "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणतात. तुम्ही जाता का?

दरवर्षी जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून पिवळ्या आणि काळ्या मारबतीचे पुतळे निघतात तेव्हा माझाही आवाज त्यात असतो. नातवाला खांद्यावर घ्यायला आता होत नाही, तो हात धरून चालतो. त्याचा पाच वर्षांचा बूस्टर त्या आठवड्यातच होता, आम्ही आदल्या दिवशी जाऊन घेऊन आलो.

रात्री दोन वाजता लेकराचं बिघडलं तर कुठे जायचं?

मेडिकल आणि मेयोत रात्रभर अपघात विभाग उघडा असतो, लहान मुलांचे डॉक्टर असतात. मिहानच्या बाजूला राहत असाल तर एम्स. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, लेकराचं वय आणि श्वास कसा आहे ते आधी सांगा. वाटेत लेकराला आडवं पाडू नका, ज्या स्थितीत त्याला श्वास घेणं सोपं जातं तसंच मांडीवर धरा. तापाचे आकडे लिहिलेला कागद, दिलेल्या औषधांच्या बाटल्या आणि लसीचं कार्ड एका पिशवीत टाका. पिशवी आजच दाराच्या खुंटीला अडकवून ठेवलीत तर रात्री शोधावी लागणार नाही.